रानातील रोगराईवर गावाची नजर हवी

मुंबईत १८९६ साली उतरलेली गाठीच्या तापाची साथ पुढे देशावर पसरली, तेव्हा सातारा जिल्ह्यातील खेड्यांना त्या रोगाचे शास्त्र ठाऊक नव्हते. पिसवा उंदरावरून माणसावर येतात व त्यांच्या चाव्यातून रोगाचे जंतू शरीरात शिरतात, हे विद्वानांच्याही पूर्णपणे गळी उतरावयास आणखी काही वर्षे लागावयाची होती. तरीही घरात उंदीर मरून पडू लागले की गाव उठावयाचे आणि माळावर झोपड्या घालून राहावयाचे, हा धडा लोकांनी अनुभवाने घेतला होता. पुढे ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावीही असेच घडले. आधी उंदीर पडले आणि मग माणसांना गाठी आल्या. जनावरांचे मरण हा माणसाला मिळालेला इशारा असतो, ही गोष्ट आपल्या खेड्यांनी कोणत्याही पुस्तकावाचून ओळखली होती. आज पुस्तके आहेत, प्रयोगशाळा आहेत, हातोहाती दूरध्वनी आहेत. परंतु उंदीर पडला म्हणून जागे होण्याची ती सवय मात्र क्षीण झाली आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी ती सवय पुन्हा अंगी बाणवावी, आणि तीही नव्या रीतीने, असा काळ आता आला आहे.

महाबळेश्वरच्या गुहेतील माग

याची जाणीव करून देणारी घटना सातारा जिल्ह्यातच घडली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वर येथील एका गुहेतून वटवाघळे पकडून त्यांचे नमुने तपासले. त्यांत गुहेत राहणारी फलाहारी वटवाघळे होती, तशीच किडे खाऊन जगणारी लहान वटवाघळेही होती. या दोन्ही जातींत निपाह या विषाणूशी संबंध आल्याच्या खुणा आढळल्या, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. निपाहवर खात्रीचे औषध नाही आणि सर्वमान्य लसही नाही. त्याची लागण झालेल्या माणसांपैकी फार मोठा हिस्सा दगावतो. साहजिकच ही बातमी वृत्तपत्रांत येताच पुष्कळांच्या मनात धडकी भरली. कोणी गुहेत धूर करण्याची भाषा केली, कोणी वटवाघळांची झाडे तोडावीत असे म्हटले, तर कोणी ही सारी अफवा म्हणून सोडून दिली.

हे तिन्ही मार्ग चुकीचे होत. त्या तपासणीचा अर्थ शेतकऱ्याला समजावा असाच आहे. वटवाघळांच्या रक्तात आढळलेली प्रतिद्रव्ये म्हणजे विषाणू पूर्वी येऊन गेल्याचा माग होय. ओढ्याच्या ओल्या मातीत बिबट्याचे पाऊल उमटलेले दिसले म्हणजे बिबट्या गोठ्यात शिरला असा त्याचा अर्थ होत नाही. परंतु शहाणा शेतकरी त्या रात्री गोठ्याचे दार उघडे ठेवीत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माग पाहावयास जातो. महाबळेश्वरचा माग नेमका या प्रकारचा आहे. त्या काळापर्यंत महाराष्ट्रात निपाहचा एकही मानवी रुग्ण नोंदला गेलेला नव्हता. म्हणून घाबरण्याचे कारण नव्हते. पण म्हणूनच पाहत राहण्याचे कारण होते आणि आजही आहे.

धूर करून किंवा झाडे तोडून काय साधते, याचाही विचार करावयास हवा. हुसकलेली वटवाघळे नाहीशी होत नाहीत. ती दुसऱ्या आसऱ्यास, कदाचित वस्तीच्या अधिक जवळ जातात. उपासमार व भीती यांनी ग्रासलेला प्राणी रोगाचे जंतू अधिक प्रमाणात बाहेर टाकण्याचा संभव असतो. शिवाय ही वटवाघळे शेतीची वैरी नव्हेत. फळे खाणारी वटवाघळे उंबर-वडासारख्या झाडांचे बी दूरवर नेतात, आणि किडे खाणारी वटवाघळे रात्रभर पिकांवरील पतंग टिपतात. अमेरिकेत २००६ पासून एका बुरशीच्या रोगाने लक्षावधी वटवाघळे मेली. ज्या भागांत ती मेली तेथील शेतकऱ्यांना कीटकनाशकांचा वापर वाढवावा लागला, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. वटवाघूळ गेले तर त्याचे काम शेतकऱ्याला पैसे मोजून फवाऱ्याने करावे लागते, हा या बुरशीने शिकविलेला धडा आहे.

उशिरा ओळखल्याचे मोल

वन्य प्राण्यांकडून येणाऱ्या रोगात सर्वांत महागडी चूक म्हणजे रोग उशिरा ओळखणे. मलेशियात १९९८ ते १९९९ या काळात डुकरे पाळणाऱ्यांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. वराहगृहांच्या शेजारीच फळबागा लावलेल्या होत्या. वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली फळे खाली पडत, ती डुकरे खात, आणि डुकरांकडून रोग माणसांकडे येई. आरंभी तो डासांपासून होणारा नेहमीचा मेंदूज्वर असावा असे समजून उपाय करण्यात आले. साथ आटोक्यात येईपर्यंत शंभरावर माणसे दगावली आणि सुमारे दहा लक्ष डुकरे मारावी लागली. निपाह हे नाव तेथीलच एका खेड्याचे होय. आजारी डुकरे व आजारी माणसे यांची नोंद पहिल्याच आठवड्यात शेजारी शेजारी ठेवून पाहिली गेली असती, तर त्या संकटाचा पुष्कळसा भाग टळला असता.

याच्या उलट उदाहरण केरळातील आहे. मे २०१८ मध्ये कोळिकोड जिल्ह्यात एकाच कुटुंबातील दुसरा रुग्ण रुग्णालयात येताच तेथील डॉक्टरांना संशय आला. नमुने तातडीने तपासण्यात आले, पुण्याच्या संस्थेने निदानावर शिक्कामोर्तब केले आणि संपर्कात आलेल्या प्रत्येक माणसाचा शोध घेण्यात आला. तरीही सतरा माणसे गेली. परंतु साथ एवढ्यावरच थांबली, याचे श्रेय वेळेवर आलेल्या संशयाला आहे.

आपल्या सह्याद्रीच्या रांगेतील दाखला तर अधिकच जवळचा आहे. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली माकडे मरून पडू लागली आणि लगोलग आसपासच्या खेड्यांत तापाचे रुग्ण दिसू लागले. पुण्यास १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तेथे जाऊन एक नवाच विषाणू शोधून काढला. गोचिडांच्या चाव्यातून हा रोग पसरतो, हेही सिद्ध झाले. या रोगाला लोक माकडताप म्हणू लागले. तो कित्येक वर्षे कर्नाटकातच राहील असे वाटत होते. परंतु २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात त्याने माणसे आजारी पाडली. सिंधुदुर्गातील डोंगर आणि कोयना-चांदोलीचे डोंगर ही एकाच सह्याद्रीची अंगे आहेत. म्हणून पाटण, जावळी अथवा शिराळा या तालुक्यांत रानात एखादे माकड मेलेले आढळले, तर ते वार्धक्याने मेले असेल असे मनाशी ठरवून पुढे जाणे शहाणपणाचे नव्हे.

ऊस, बिबट्या, कुत्रा आणि उंदीर

सातारा आणि सांगली हे जिल्हे १९४९ पूर्वी बव्हंशी एकाच कारभाराखाली होते. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि पुढे त्यालाच सांगली हे नाव मिळाले. कागदावरची ही सीमा रानातील प्राण्यांना ठाऊक नाही. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या पूर्वेस डोंगर उतरले की लगेच उसाची शेते लागतात. कराड, पाटण, वाळवा आणि शिराळा या तालुक्यांत बिबट्या आता उसातच विणतो आणि तेथेच पिले वाढवितो. त्याचे भक्ष्य पुष्कळदा गावातील कुत्रे असते. म्हणजे रानातील प्राणी, गावातील कुत्रे, गोठ्यातील जनावरे आणि माणूस हे चौघे एकाच बांधावर येऊन उभे राहिले आहेत. त्यांच्यातील कोणा एकाचा रोग हा आता त्या एकाचाच राहिलेला नाही.

गीरच्या अरण्यात २०१८ साली वीसाहून अधिक सिंह थोड्या दिवसांत दगावले, त्यास प्रामुख्याने कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या एका विषाणूचा हात होता. तो रोग माणसाला होत नाही. तथापि गावातील कुत्र्याचा रोग रानाच्या राजापर्यंत पोहोचतो, हे त्यावरून दिसले. उलट पिसाळलेला कोल्हा किंवा मुंगूस कुत्र्याला चावला की मरण रानातून गावात येते. गावातील कुत्र्यांना दरवर्षी प्रतिबंधक लस टोचणे हे केवळ कुत्र्यावरील दयेचे काम नाही. ते गाव आणि रान यांच्यामध्ये घातलेले कुंपण आहे. कोणी चावला, ओरखडला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. हळद, चुना किंवा मिरची जखमेत भरू नये. पिसाळरोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही. पण लक्षणांपूर्वी लसीचा पूर्ण क्रम घेतला तर तो सहसा मरत नाही. एवढा स्पष्ट हिशेब फारच थोड्या रोगांत असतो.

उंदराकडे मात्र कोणी वन्य प्राणी म्हणून पाहत नाही, आणि त्यातच धोका आहे. उंदराच्या लघवीतून लेप्टोचे जंतू ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात जातात आणि पायाच्या भेगेतून, हाताच्या कापल्यातून माणसाच्या शरीरात शिरतात. कृष्णेच्या २०१९ व २०२१ सालच्या महापुरात सांगली व आसपासची गावे कित्येक दिवस पाण्यात होती. अशा पुरानंतर ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, लाल डोळे आणि पुढे कावीळ दिसली तर लेप्टोची शंका घेतलीच पाहिजे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात १९३४ च्या सुमारास ऊसतोडणी कामगारांत हाच रोग इतका माजला की, उंदरांचा नायनाट व्हावा म्हणून तोडणीपूर्वी ऊस जाळावा या मागणीसाठी त्यांनी काम बंद पाडले. आपल्याकडे पाचट जाळून जमिनीचा कस घालविणे योग्य नाही. परंतु त्या कामगारांनी जी गोष्ट ओळखली होती ती आपल्या तोडणी कामगारांबाबत अजून पुरती ओळखली गेलेली नाही. बीड-नगरकडून आलेले हे लोक कोप्यांत राहतात, अनवाणी फडात उतरतात आणि हंगाम संपला की निघून जातात. त्यांच्यापैकी कोणी तापाने फणफणला तर तो गावच्या यादीत नसतो आणि त्याच्या स्वतःच्या गावच्या यादीतही त्या वेळी नसतो. ज्याची मोजणी कोठेच होत नाही त्याच्या आजाराची नोंद प्रथम व्हावयास हवी, कारण तोच रोगाच्या सर्वांत जवळ उभा असतो.

बुरशीकडे झालेले दुर्लक्ष

जिवाणू व विषाणू यांच्याविषयी आता पुष्कळ बोलले जाते. पण बुरशी म्हटली की शेतकऱ्याला द्राक्षावरील भुरी वा केवडा आठवतो. तीच बुरशीची जात माणसाला व जनावराला ग्रासते, हे सहसा ध्यानात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने माणसाला घातक अशा एकोणीस बुरशींची यादी प्रथमच केली ती २०२२ मध्ये. आपल्या राज्यात २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर हजारो रुग्णांना म्युकरची बाधा झाली. अनेकांचे डोळे आणि जबडे गेले. त्या वर्षीच्या मे महिन्यात हा रोग नोंदणीस पात्र ठरवावा असे केंद्र सरकारने राज्यांना कळविले. तोपर्यंत त्याची सक्तीची मोजणी नव्हती. जे मोजले जात नाही त्याची तयारीही केली जात नाही, याचे यापेक्षा कठोर उदाहरण शोधावे लागणार नाही.

खेड्यातील बुरशीचे रोग मात्र एवढे गाजावाजा करीत येत नाहीत. वासराच्या डोळ्यांभोवती गोल, पांढरट खपल्या येतात, आणि काही दिवसांनी त्याच वासराला बिलगणाऱ्या मुलाच्या हातावर नायटा उमटतो. मुलाला मलम मिळते, वासराकडे कोणी पाहत नाही, आणि नायटा परत परत येतो. दुकानातून चिठ्ठीवाचून घेतलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे खाज तात्पुरती थांबवितात, पण रोग खोल रुजवितात. अलीकडे देशभर औषधांना न जुमानणारा नायटा पसरला आहे, त्यास या मलमांचाही हातभार लागला आहे. अनवाणी चालताना काटा मोडून पायात वर्षानुवर्षे सूज व गाठी राहतात, त्यातून दाणेदार स्राव येतो; हा पुष्कळदा बुरशीचाच रोग असतो आणि तो उशिरा ओळखला तर पाय गमवावा लागतो. उसाच्या पात्याने वा कडब्याच्या कणाने डोळ्याला इजा झाली आणि डोळा दुखू लागला, पांढुरका दिसू लागला, तर तेथे बुरशी वाढत असण्याचा दाट संभव असतो. अशा डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब घातले तर दृष्टी जाण्यास वेळ लागत नाही.

वटवाघळांची किंवा पारव्यांची विष्ठा साचलेल्या जागेत वाढणाऱ्या बुरशीची सूक्ष्म बीजे धुळीबरोबर फुफ्फुसात जाऊ शकतात. काही ठिकाणी गुहेतील विष्ठा खत म्हणून खणून आणली जाते, ओसाड देवळे व जुनी गोदामे झाडली जातात. अशा कामानंतर काही आठवड्यांनी खोकला व ताप सुरू झाला तर तो क्षयासारखा भासतो. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत आणि तरीही आजार हटत नसेल, तर “गेल्या दोन महिन्यांत कोठे झाडलोट केली, कोठे खणले?” एवढा एक प्रश्न आशा सेविकेने विचारला तरी निदानाची दिशा बदलू शकते. अशी जागा झाडण्यापूर्वी पाणी शिंपडून धूळ बसवावी आणि नाकातोंडावर घट्ट मुखपट्टी बांधावी.

तासगाव, मिरज व कवठेमहांकाळ भागातील द्राक्षबागायतदारांनी आणखी एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. भुरीसाठी वापरली जाणारी हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल यांसारखी औषधे आणि माणसाच्या फुफ्फुसातील बुरशीवर दिली जाणारी इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही औषधे एकाच कुळातील आहेत. शेतातील औषधाला सरावलेली ॲस्परजिलस बुरशी रुग्णालयातील औषधालाही दाद देत नाही, हे प्रथम युरोपात दिसले आणि २०१२ मध्ये भारतातील मातीतही तशी बुरशी सापडल्याचे प्रसिद्ध झाले. याचा अर्थ बाग फवारूच नये असा नाही. शिफारशीपेक्षा अधिक मात्रा व अधिक फेऱ्या टाळाव्यात, एकाच कुळातील औषध पुन्हा पुन्हा न वापरता गंधकासारख्या अन्य औषधांशी पाळी बदलावी, एवढेच सांगावयाचे आहे. बागेचे हित आणि रुग्णाचे हित येथे एकच आहे.

तीन वह्या, एक गाव

मग उणीव कोठे आहे? उणीव प्रयोगशाळेत नाही. पुण्यास जगभर नावाजलेली विषाणू संस्था आहे, आणि नागपूर येथे राष्ट्रीय एकल आरोग्य संस्थेची कोनशिला डिसेंबर २०२२ मध्ये बसविण्यात आली. उणीव गावात आहे. वनरक्षकाची एक वही असते, पशुवैद्यकीय दवाखान्याची दुसरी, आरोग्य उपकेंद्राची तिसरी. पहिल्या वहीत मेलेले माकड असते, दुसऱ्या वहीत गर्भ टाकलेल्या गाई असतात, तिसऱ्या वहीत तापाचे रुग्ण असतात. पण या तिन्ही वह्या एका चटईवर उघडून कोणी पाहत नाही. बिबट्या मेला तर त्याची उत्तरीय तपासणी होते. कोल्हा, उदमांजर, साळिंदर, वटवाघूळ यांचे मरण मात्र बहुधा कोणाच्याच खाती पडत नाही.

कायद्याने तर हे काम गावाकडे केव्हाच दिले आहे. जनावरांतील संसर्गजन्य रोगांचा प्रतिबंध व नियंत्रण यासाठी २००९ साली झालेल्या अधिनियमानुसार, अनुसूचित रोगाचा संशय येताच जनावराच्या धन्याने गावच्या अधिकाऱ्यास वा ग्रामपंचायतीस खबर द्यावयाची आणि तेथून ती पशुवैद्यास कळवावयाची असते. पिसाळरोग व फाशी हे रोग त्या अनुसूचीत आहेत. म्हणजे पहिली चौकी गावच आहे. त्या चौकीवर माणूस बसलेला नाही, एवढेच.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या डोक्यावर आधीच पुष्कळ नोंदवह्यांचा भार आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच नवी वही वाढविण्याऐवजी जुन्या तीन वह्या महिन्यातून एकदा एकत्र पाहाव्यात, हा मार्ग सुचवावासा वाटतो. ग्रामपंचायतीत अर्धा तास पुरे. पोलीस पाटील, वनरक्षक, आशा सेविका, पशुवैद्यकीय दवाखान्याचा कर्मचारी आणि शेतीखात्याचा कार्यकर्ता यांनी एकमेकांस एवढेच विचारावे की, या महिन्यात नेहमीपेक्षा वेगळे काय मेले, काय आजारी पडले?

दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या मनातील भीतीचा आहे. खबर दिली तर वनखाते आपल्यावरच गुन्हा घालील, गावाचे नाव होईल, दुधाला गिऱ्हाईक मिळणार नाही, महाबळेश्वर-पाचगणीला पाहुणे येणार नाहीत. ही भीती हसण्यावारी नेऊ नये. मेलेल्या वन्य प्राण्याची खबर देणे हा गुन्हा नव्हे. त्याची नखे, दात, कातडे काढणे हा गुन्हा आहे, हे कार्यकर्त्यांनी गावात स्पष्ट सांगितले पाहिजे. आणि खबर देणाऱ्याचे नाव व गावाचे नाव खात्री होण्यापूर्वी वृत्तपत्रांत वा दूरध्वनीच्या समूहांत झळकणार नाही, याची हमी सरकारी यंत्रणेनेही दिली पाहिजे. खबर देणाऱ्याची एकदा फजिती झाली की त्या गावातून पुन्हा खबर येत नाही. ही जबाबदारी शेतकऱ्याची नसून खबर घेणाऱ्याची आहे.

तिसरा आक्षेप उत्तराविषयीचा आहे, आणि तोच सर्वांत रास्त आहे. नमुना जातो, पण त्याचे पुढे काय झाले ते गावाला कळत नाही. ज्या शेतकऱ्याने मेलेल्या माकडाची खबर दिली त्याला “तपासणीत काही आढळले नाही” एवढे दोन ओळींचे उत्तर तरी मिळावयास हवे. न आलेले उत्तर हे गावाच्या दृष्टीने अपमानासारखे असते. पाळत ठेवणे म्हणजे केवळ गावाकडून माहिती उचलणे नव्हे. ती समजावून गावाला परत देणे हाही तिचाच भाग आहे.

काय पाहावे, काय करू नये

गावाने पाहावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. एकाच ठिकाणी दोन किंवा अधिक माकडे, वटवाघळे, कावळे वा अन्य पक्षी मेलेले आढळणे. दिवसाढवळ्या न भिता माणसाकडे येणारा कोल्हा, मुंगूस वा बिबट्या. केस झडलेले, अंगावर खपल्या वा व्रण असलेले हरीण, मग ते सागरेश्वरच्या अभयारण्यातील असो वा शेतातील. गोठ्यात एकाएकी मेलेले जनावर, विशेषतः ज्याच्या नाकातोंडातून न गोठणारे काळे रक्त येते. एका वस्तीत वा एका कोपीत आठवड्यात तापाचे दोन-तीन रुग्ण. यांपैकी काहीही दिसले तर जागा, दिवस, प्राण्याची जात व संख्या एवढे लिहून ठेवावे आणि त्याच दिवशी वनखात्याच्या १९२६ किंवा पशुसंवर्धन खात्याच्या १९६२ या क्रमांकावर, अथवा जवळच्या आरोग्य केंद्रास कळवावे.

मेलेल्या प्राण्यास उघड्या हाताने शिवू नये, ओढून ओढ्यात टाकू नये, कुत्र्यांना खाऊ देऊ नये. फाशीचा संशय असलेले जनावर कापू नये. त्याचे जंतू मातीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. पशुवैद्याच्या देखरेखीखाली चुना टाकून ते खोल पुरावे. वटवाघळांनी वा पाखरांनी चोचावलेली, दात लागलेली फळे माणसाने खाऊ नयेत आणि जनावरांनाही घालू नयेत. पडकी फळे टाकून देण्याचे मोल पाटीभर फळांएवढे असते. मलेशियाने त्यासाठी मोजलेले मोल याआधी सांगितलेच आहे.

शहरातील शास्त्रज्ञ वर्षातून एकदा गुहेत उतरतात, नमुने घेतात आणि परत जातात. गुराखी मात्र रोज त्याच डोंगरावर असतो, पाणी पाजणारा रात्री त्याच फडात असतो, आणि आशा सेविका रोज त्याच उंबऱ्यावर असते. डोळे गावाचे आहेत. त्यांना दिसलेले लिहून ठेवणारा हात आणि ते ऐकणारा कान एवढ्याचीच जोड हवी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उंदीर पडलेला पाहून ज्यांनी घरे सोडली त्यांना त्यामागचे कारण सांगणारा कोणी नव्हता. आज कारण सांगता येते, औषधे देता येतात आणि घरे सोडण्याची पाळीही बहुधा टाळता येते. मात्र त्यासाठी पहिली खबर वेळेवर निघाली पाहिजे. येत्या ग्रामसभेच्या कामकाजात एवढा एक विषय प्रत्येक गावाने घ्यावा आणि ही खबर कोण, कोणास, कशी देईल हे त्याच दिवशी ठरवून टाकावे.